कणकवलीच्या कॉम्प्युटरवाल्या दादांस

सप्रेम नमस्कार दादा,

वाचनालयाचे जुने कॉम्प्युटर तुम्ही पुन्हा कामाला लावलेत, म्हणून कार्यकारिणीने तुमच्या आभाराचा ठराव केला आहे, तो टपालाने मिळेलच. पण ठरावात दोन ओळींपलीकडे काही मावत नाही, म्हणून हे वेगळं पत्र, आणि तेही उघड. कोकणात कितीतरी वाचनालयांत आणि शाळांत जुने कॉम्प्युटर कपाटाआड धूळ खात पडलेत. ते ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनीही हे वाचावं असं वाटतं.

आमच्या चाकरमान्यांनी मुंबईच्या एका ऑफिसातून निघालेली आमची ही जुनी मशीनं मोठ्या मायेनं गावाला धाडली होती. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, विंडोज सेव्हन. चालू व्हायला एवढा वेळ लागायचा की मुलं कंटाळून घरी जायची. त्यात मायक्रोसॉफ्टनं विंडोज सेव्हनचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 जानेवारी 2020 ला काढून घेतलेला, आणि विंडोज टेनचाही 14 ऑक्टोबर 2025 ला. विंडोज इलेव्हन तर असल्या मशीनला दारातही उभं करत नाही. जिथे विचारावं तिथे एकच सल्ला: भंगारात द्या, नवे घ्या. सगळ्यात खालच्या 'ड' वर्गातल्या वाचनालयाचं अनुदान ज्यानं पाहिलंय, त्याला या सल्ल्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

तुम्ही आलात आणि मशीनला हात लावायच्या आधी आम्हालाच विचारलंत, "ह्येंच्याकडसून तुमका काय काम करून घेवचा आसा?"

दादा, हा प्रश्न त्याआधी कुणी विचारलाच नव्हता. सगळे रॅम किती, प्रोसेसर कुठला, एवढंच विचारून मान हलवायचे. आम्ही कामं सांगत गेलो, तुम्ही आमच्या जुन्या पावतीच्या पाठीमागे लिहीत गेलात, आणि मग म्हणालात, एका मशीनला एकच काम द्यायचं. बाकी सगळं या एका वाक्यातून निघालं, असं माझं मत आहे. जुन्या कॉम्प्युटरकडून सगळी कामं मागितली की तो मंद वाटतो. झेपेल असं एकच काम दिलं की तो दिवसभर बिनतक्रार राबतो.

त्या दुपारी तुम्ही शाळेतल्या मुलांना जवळ बसवून एक मशीन उघडलंत, ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. चालू केलं की नुसतं बीप, बीप, आणि पडदा काळा. तुम्ही रॅमची पट्टी काढून उजेडात धरलीत. सोनेरी पिनांवर खाऱ्या दमट हवेनं काळपट थर चढलेला. मग एका मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर मागून घेतलंत, पिना दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं घासल्यात, कोरड्या ब्रशनं कण झाडलेत आणि पट्टी खटकन बसवलीत. मशीन चालू! दुसऱ्या एकावर कुठलीच वेबसाइट उघडेना. तुम्ही थेट तारखेकडे बोट दाखवलंत: घड्याळ 2009 सालात अडकलं होतं. वेबसाइटचं प्रमाणपत्र, म्हणजे ती खरी असल्याचा पुरावा, कॉम्प्युटर आपल्या घड्याळाशी ताडून बघतो, तारीखच चुकीची असेल तर तो दारच उघडत नाही. मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल बदलला आणि काम झालं. एवढ्याशा सेलपायी हे मशीन भंगारात निघालं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

वेगाचा खरा फरक पडला तो हार्ड डिस्क काढून एसएसडी घातल्यावर. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि त्यावर हात सरकवून वाचावं लागतं. एसएसडीत हलणारं काहीच नाही. काढलेल्या डिस्कांवर त्या ऑफिसची माहिती तशीच होती. ती तुम्ही पूर्ण पुसून टाकलीत, कुणी सांगितलं नसताना. त्याबद्दल वेगळे आभार.

आता कामांचं सांगते. दारातल्या मशीनवर विंडोजऐवजी अँटीएक्स लिनक्स ही हलकी सिस्टीम आहे. ते 512 एमबी रॅमवरही चालतं, आमच्याकडे तर त्याच्या चौपट आहे. त्यावर लिब्रेऑफिसमध्ये पुस्तकांची यादी आहे. लेखकाचं नाव टाकलं की कपाट आणि खण कळतो. त्याला इंटरनेट लागत नाही, म्हणून दिलेलंही नाही. त्याच्या शेजारची मशीनं फक्त टायपिंगला. शासनाच्या कॉम्प्युटर टायपिंग परीक्षेला मराठी मिनिटाला 30 आणि 40 शब्दांच्या गतीचा सराव लागतो. आमच्या मुलींना त्यासाठी एसटीनं तालुक्याला जावं लागायचं, आणि शेवटची गाडी चुकली की घरचे काळजीत.

फुटक्या स्क्रीनचा लॅपटॉप मात्र मला सगळ्यात प्रिय. त्यावर तुम्ही इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचता येणारं किविक्स टाकून अख्खा मराठी विकिपीडिया भरून ठेवलात आणि तो राउटरला जोडलात. मुलं वाचनालयात येऊन मोबाइल त्या वायफायला जोडतात आणि डेटा न घालवता वाचतात. वीज गेली तरी लॅपटॉपची जुनी बॅटरी तेवढा वेळ तग धरते. राउटर इन्व्हर्टरवर आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कितीतरी गावं दिवसचे दिवस विजेविना, नेटवर्कविना होती. तेव्हापासून बाहेरच्या तारेवर अवलंबून नसलेल्या वस्तूची किंमत मला कळते.

आणि रस्त्याकडच्या खिडकीतला मॉनिटर. त्यावर हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज दिसतो, पान आपोआप ताजं होतं. बंदरावर जाणारा प्रत्येक जण तिथे थांबतो. मोबाइलवर बारीक अक्षर न दिसणारे वयस्कर तांडेल, म्हणजे होडीचे म्होरकेसुद्धा.

तुम्ही जे नाकारलंत त्याचेही आभार. तो पेंटियम फोर प्रोसेसरचा जुना कॉम्प्युटर तुम्ही ठेवू दिला नाहीत. वीज जास्त खातो आणि काम कमी देतो म्हणालात. फुगलेली लॅपटॉपची बॅटरी तर त्याच क्षणी बाजूला काढलीत. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये शिसं असतं, तो भंगारवाल्याकडे फोडायला न देता अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच जाईल हे तुम्ही पाहिलंत. जुनं सगळंच वाचवायचा हट्ट तुम्ही धरला नाहीत, म्हणून जे वाचवलंत त्यावर आमचा भरवसा बसला.

पावसाळ्यात कुठलंही मशीन बंद पडून राहू द्यायचं नाही, रोज थोडा वेळ तरी चालवून आतून गरम ठेवायचं, ही तुमची ताकीद आम्ही पाळतो. मुलांनी त्याची पाळी लावून घेतली आहे.

एक विनंती. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनना आमच्या खिडकीतल्यासारखाच लाटांच्या अंदाजाचा पडदा बंदरावरच्या ऑफिसात हवाय. त्यांच्याकडे एक जुना पीसी आणि चांगला मॉनिटर पडून आहे. मासेमारी बंदी 31 जुलैला संपते, त्याआधी तुमचं येणं जमलं तर बरं होईल. मागच्या खेपेला तुम्ही फक्त सामानाचे पैसे घेतलेत. या वेळी मजुरीचं बिल आणलं नाहीत तर कार्यकारिणी पडदा बसवू देणार नाही, असं अध्यक्षांनी मला लिहायला सांगितलंय. जेवण आमच्याकडेच.

आपली,
ग्रंथपाल
सार्वजनिक वाचनालय, ता. देवगड