मंत्रिमहोदय, माझ्या मुलीला वेफर दाखवा

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

मी भोसरीत राहतो. एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये ३१ वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. काल संध्याकाळी माझ्या मुलीच्या फोनवर मेसेज आला : सेमीकंडक्टर कोर्सच्या भागीदार कंपनीने अंग काढून घेतल्यामुळे प्रात्यक्षिकाचा टप्पा रद्द, प्रमाणपत्र कार्यालयातून घेऊन जावे. खाली ना नाव, ना नंबर. मुलगी रात्री जेवली नाही. म्हणून लिहितोय.

आठ महिन्यांपूर्वी या सेमीकंडक्टर कोर्सच्या उद्घाटनाला तुम्ही आला होतात. सामंजस्य करारावर सह्या झाल्या, फायली उंचावून फोटो निघाले. पुण्याची मुलं देशाची चिप बनवतील, असं तुम्ही सांगितलंत. मी चौथ्या रांगेत होतो. टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या.

मुलीचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय. चाकणला वायरिंग हार्नेसच्या लाइनवर कॉन्ट्रॅक्टवर का होईना, कामाला होती. ते सोड आणि कोर्सला जा, असं मीच तिला म्हटलं. सप्टेंबर २०२४मध्ये राज्याने तळोज्याच्या ८३ हजार ९४७ कोटींच्या चिप प्रकल्पाला मंजुरी दिल्याची बातमी मी कापून ठेवली होती. फी ९० हजार. पतसंस्थेचं कर्ज पुरेना, तेव्हा बायकोने पाटल्या काढून दिल्या. त्या अजून सोडवलेल्या नाहीत, आणि आता घरात या विषयावर कोणी बोलत नाही.

सहा महिने या मुलांनी काय केलं? भिंतीवरच्या स्लाइड्स पाहिल्या. क्लीनरूम, म्हणजे चिप बनवायची धूळविरहित खोली, व्हिडिओत पाहिली. वेफर म्हणजे चिप जिच्यावर घडते ती सिलिकॉनची चकती. ३०० मिलिमीटरची वेफर ७७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असते, हे माझ्या मुलीला पाठ आहे. बाँडिंगची, म्हणजे चिप बाहेरच्या टोकांना जोडणारी, सोन्याची तार २५ मायक्रॉनच्या आसपास असते, तेही पाठ. पण वेफर तिने पाहिलेली नाही. तार तुटेपर्यंत ओढून जोड तपासायची पुल टेस्ट तिने एकदाही केलेली नाही. साहेब, मायक्रॉन म्हणजे काय ते मला माहीत आहे, माझा जन्म त्यात गेला. पहिलं वर्षभर वस्तादाने मला फक्त कानस मारायला लावली. हातांना वळण लागल्यावर मग ग्राइंडरजवळ उभं केलं. सोन्याची तार जोडणारी माणसं स्लाइड्सवर तयार होतील, असं कुणी मला सांगितलं असतं, तर मुलीला नोकरी सोडायला लावलं नसतं.

२०२२मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा चिप प्रकल्प तळेगावला येणार येणार म्हणता गुजरातकडे गेला, तेव्हा तुम्ही सगळे एकमेकांवर तुटून पडलात, या बाकांवरचेही आणि त्या बाकांवरचेही. पुढच्या जुलैत फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली, तो प्रकल्प तिकडेही उभा राहिला नाही. भांडण मात्र अजून चालू आहे. पण प्रकल्प आलाच असता, तर मशीनपुढे कोण उभं राहणार होतं? हा प्रश्न एकाही पक्षाच्या माणसाने विचारल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला कोट्यवधींचे आकडे दिसतात, हात दिसत नाहीत. हे एका सरकारचं नाही, सगळ्यांचंच.

भागीदारी कशी करतात, ते तैवानने दाखवलंय. १९७६मध्ये त्यांनी अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून चिपचं तंत्रज्ञान घेतलं आणि आपले इंजिनिअर तिथे शिकायला पाठवले. ते परत आले, सिंचूला छोटा प्रायोगिक कारखाना चालवला, हात बसवले. त्यांची चिप बनवणारी बडी कंपनी टीएसएमसी १९८७ची, त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी आली. आपल्याकडे कराराचा फोटो पहिल्या दिवशी निघतो आणि सहा महिन्यांनी भागीदार सापडत नाही. कंपनी मध्येच निघून गेली, तर तिच्याकडून भरपाई घ्यायची अट त्या करारात होती का? तो करार तरी आम्हाला दाखवा.

पुण्याकडे काय नाही? संगणक संशोधनाची सरकारी संस्था सी-डॅक १९८८पासून इथे आहे, १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक इथेच उभा राहिला. सीओईपीसारखं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, औंधची आयटीआय आहे. चिपचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरांना बाणेर-हिंजवडीत दारं उघडी आहेत, त्याचा मला आनंदच आहे. पण असेंब्ली, पॅकेजिंग, टेस्टिंग या कामांत डिप्लोमावाली पोरंच लागतात, आणि त्यांच्यासाठी माझ्या मुलीच्या कोर्सात एक मशीन नव्हतं. गुजरातेत साणंदला मायक्रॉन नावाच्या कंपनीचा २२ हजार ५१६ कोटींचा चिप असेंब्ली-टेस्टिंगचा प्रकल्प आहे. तिथे तरी ही मुलं कोणत्या तोंडाने मुलाखतीला जाणार?

तार जोडणारं एक वायर बाँडर, वेफर कापणारी एक डायसिंग सॉ, एक छोटी क्लीनरूम. जुनी, वापरलेली मशीनं आणा, चालतील. मी स्वतः जुन्या लेथवर शिकलो. ती एखाद्या सरकारी आयटीआयत बसवा, आणि रद्द झालेला टप्पा या मुलांना तिथे पूर्ण करू द्या. तोवर प्रमाणपत्र आम्ही घेणार नाही. माझ्या मुलीसोबतच्या आणखी अकरा जणांनी आज सकाळी हेच ठरवलंय.

सोमवारी साडेदहाला आम्ही सगळे तुमच्या कार्यालयात येतोय. फीच्या पावत्या सोबत आणतो. उद्घाटनाचा फोटोही आणतो, मागच्या रांगेत ही मुलं दिसतात.

आपला,
भोसरीतला एक निवृत्त टूलमेकर