"इथंच होते ना, बाळ?"

आदरणीय काका,

जय ख्रिस्त.

हे पत्र पाकिटात घालून तुम्हाला एकट्याला पाठवता आलं असतं. पण मला बोल लावले गेले ते चारचौघांत, म्हणून आभारही चारचौघांतच मानायचं ठरवलं. तुमची सून वाचून दाखवेल तेव्हा तुम्ही म्हणाल, "मी काय केलं एवढं?" तेच सांगते.

आजी गेली तेव्हा तिला आंघोळ घालणाऱ्या बायकांत मी होते. हात पुसताना उजव्या मनगटाच्या आतले ते पाच ठिपके समोर आले. चार कोपऱ्यांना चार, मधे एक. लहानपणापासून पाहत आलेले, पण ओल्या कातडीवर ते इतके हिरवेगार दिसत होते की कालच गोंदले असावेत. आजी सगळी थकली होती, ते ठिपके तेवढे थकले नव्हते.

ती परकरात असताना गावात आलेल्या गोंदणारणीनं सुया नि काजळीनं ते काढले होते. तेव्हा त्या घरात येशूचं नावही नव्हतं. बाप्तिस्मा लग्नानंतर, सासरी झाला. मग आजीनं त्या ठिपक्यांना आपल्या मनानं नवा अर्थ लावला. मला मांडीवर घ्यायची, माझं बोट धरून एकेका ठिपक्यावर ठेवायची. "हे दोन हात, हे दोन पाय, अन् ह्यो मधला... कुशीत भाला मारला ना माय, त्यो." वधस्तंभाची गोष्ट संडे स्कूलच्या आधी मी त्या मनगटावर शिकले. आणि लगेच तिचं जुनंही असायचंच: "समदं हितंच ऱ्हातं, गोंदण तेवढं संगं येतं." दोन्ही गोष्टी तिच्यात सुखानं नांदत होत्या.

ते पाच ठिपके मला माझ्या मनगटावर हवे होते. पहिलाच टॅटू, आणि बहुतेक शेवटचा.

एवढं मी चर्चच्या महिला मंडळात बोलले आणि चूक झाली. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सगळ्यांसमोर मोबाईलवर बायबलातलं लेवीय 19:28 काढून माझ्या तोंडासमोर धरलं. कोणा मृतासाठी अंगावर जखमा करू नका, अंग गोंदवू नका. "तू तर मृतासाठीच करतेस," म्हणाले, आणि पुढच्या प्रार्थनेत माझं नाव घेऊन पश्चात्तापाची विनंती मांडली. आजीबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. एका बाईंनी तर आजी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला येताना पदर मनगटावर ओढून घ्यायची, ही आठवणही मला सुनावण्यासाठी काढली. आजी तसं का करत होती, हे मला त्या दिवशी कळलं. त्या रात्री मी जेवले नाही.

खरं सांगते काका, वचनाची भीती मला होतीच. मी ते मोडायला निघाले नव्हते. "मृतासाठी" हा शब्द कुसळासारखा रुतून बसला होता. म्हणून तुमच्याकडे आले.

तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. चष्मा पुसला आणि एकोणिसावा अध्याय पहिल्या वचनापासून वाचायला लावला. शेताचे कोपरे कापू नका, गरिबासाठी ठेवा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नका. दाढीच्या कडा छाटू नका. पिकल्या केसांसमोर उठून उभे राहा. माझ्यासमोर मोबाईल धरणाऱ्यांच्या शेतात मजूर बायकांना बाजाराच्या दिवसापर्यंत पैशांची वाट पाहावी लागते, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मी ते बोलून दाखवलं तर तुम्ही मला थांबवलंत. "त्यांचं राहू दे, तुझं बोल."

मग मी प्रेषित पौलाचं पुढे केलं, बायबलातल्या गलतीकरांस पत्रातलं, येशूच्या खुणा मी अंगावर वागवतो म्हणतो ते. वाटलं, हे तरी माझ्या बाजूचं निघेल. तुम्ही लगेच म्हणालात, "त्या फटक्यांच्या नि दगडांच्या खुणा. ते वचन इकडं ओढू नको." माझ्या सोयीचा आधार तुम्ही काढून घेतलात, आणि तेव्हापासून तुमच्या बाकीच्या बोलण्यावर माझा पक्का विश्वास बसला.

त्या काळी आसपासचे लोक मेलेल्यांच्या शोकात अंग फाडून घेत, ती रीत इस्राएलानं धरू नये म्हणून ते वचन, असं तुम्ही समजावलंत. इजिप्तमधले कोप्टिक ख्रिस्ती पिढ्यान् पिढ्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला क्रूस गोंदवून घेतात, हे मी तुमच्याकडूनच ऐकलं. अगदी आजीची जागा! आणि आपल्या जालन्याचं सांगितलंत. 1843 साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढं धर्मप्रचारक म्हणून इकडे आले, जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. "तिथं आलेल्या बायकांच्या हातांवर गोंदण नसेल का? पाणी डोक्यावर घालतात बाळ, गोंदण कुणी खरडून काढत नाही." शेवटी विचारलंत, आजी परत यावी म्हणून करतेस का? मी म्हटलं, नाही, तिनं मला येशू दाखवला म्हणून. तुम्ही बराच वेळ गप्प होतात.

आणि मग तुम्ही सदऱ्याच्या खिशातून निळा बॉलपेन काढलात, माझा उजवा हात टेबलावर उलटा ठेवलात, आणि नाडीच्या थोडं वर, अंगठ्याच्या बाजूला, पाच ठिपके दिलेत. हात थरथरत होता, तरी एकही ठिपका चुकला नाही.

"इथंच होते ना, बाळ?"

तिथंच होते. बोटभरही इकडे-तिकडे नाही. तुम्हाला कसं आठवलं विचारलं तर म्हणालात, इतकी वर्षं मी तिच्या ओंजळीत प्रभुभोजनाची भाकर ठेवली, पदर ओढला तरी हात पुढे करताना तो सरकायचाच.

काका, मी तिथंच रडले. आजी ज्या हाताची लाज बाळगत आली, तो हात तुम्ही दर प्रभुभोजनाला पाहत होतात आणि तिला कधी काही बोलला नाहीत. विसरलाही नाहीत. अशी माणसं मंडळीत असतात म्हणून आमच्यासारख्यांना रविवारी त्या बाकावर जाऊन बसावंसं वाटतं. शास्त्र पाठ असणारे पुष्कळ आहेत, पण म्हाताऱ्या बाईच्या मनगटाकडे मायेनं पाहणारा मला तुमच्याशिवाय आठवत नाही.

आठ दिवस पेननं गिरवत राहा, नवव्या दिवशीही हवंसं वाटलं तर जा, असं म्हणाला होतात. रोज सकाळी गिरवले. नवव्या दिवशी संभाजीनगरची गाडी धरली. टॅटू काढणारा मुलगा दोनदा म्हणाला, "ताई, एवढंच?" एवढंच.

आता खपली निघाली आहे. चार ठिपके ठळक उमटलेत, मधला जरा फिका वाटतो. आजीचाही मधला तसाच होता का? मला नक्की आठवत नाही, आणि हे विचारायला तुमच्याशिवाय कुणी नाही. रविवारी भक्ती झाली की येते, बघून सांगा.

तुमची,
आजीची नात