उद्याच्या दुर्बिणीआधी

चि. मनूस अनेक आशीर्वाद,

अंडाशयाच्या कॅन्सरच्या सहा केमो संपल्या तरी बोटांच्या मुंग्या गेल्या नाहीत, म्हणून अक्षर वाकडं आलंय. घाबरले म्हणून नाही.

ही दुर्बीण कशाला, म्हणून काल फोन आपटलास. तुझं खरं आहे. केमोनंतर सरसकट पोट पुन्हा बघायची पद्धत आता राहिली नाही, त्यानं आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. पण सीए-१२५, ती रक्तातली कॅन्सरची खूण, नऊवर आलीय (३५च्या आत असली की बरं) आणि तरी सीटी स्कॅनमध्ये आतड्यापाशी काहीतरी दिसतंय. जुन्या ऑपरेशनचा व्रण की आजार, ते फोटोवरून सांगता येत नाही. आणि बाजरीएवढं काही असलं तर सीटीला ते दिसतही नाही. बेंबीखाली जुना टाका, तिथं आतडं चिकटलेलं असायचं, म्हणून डाव्या बरगडीखालून दुर्बीण घालणार. पोटात गॅस भरून बघणार, सलाइननं धुऊन ते पाणी आणि चार ठिकाणचे तुकडे तपासायला पाठवणार. नंतर गॅसमुळं खांदा दुखतो म्हणे. ऑपरेशन पोटाचं आणि दुखणार खांदा!

तू तपासणीला रक्त दिलंस का? विचारणार नव्हते.

आजीचं पोट फुगलं तेव्हा सगळे वात म्हणाले. मी हिंग लावत बसले. निऱ्या सातावरून चारावर आल्या तरी कळलं नाही. तू पहिलीत होतीस, तिच्या पोटावर कान ठेवून म्हणालीस, "आत पाणी वाजतंय." तुला हसलो आम्ही.

माझ्यात बीआरसीए-१ जनुकातला, कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष निघालाय, म्हणजे तुझ्यात असायची शक्यता निम्मी. तिशी उलटली तुझी, दर वेळी ऑफिसचं कारण काढतेस, शिकलेल्या मुलीनं असं... बघ, झालं सुरू. चुकलं माझं. परवा ते इंग्रजी कागद वाचून तू डॉक्टरीणबाईंशी वाद घालत होतीस ना, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईंना मी मुद्दाम सांगितलं, माझी आहे ती.

उद्या स्वच्छ निघालं तरी तो परत येऊ शकतो, हे मला माहीत आहे. बाबांना बोलू नकोस. ते पेढ्यांचं बघून आलेत.

पोट साफ करायचं ते खारट पाणी अजून अर्धा जग उरलंय. तुझ्या घराजवळची लॅब सकाळी सातला उघडते, मी फोन केला होता. उपाशी जायची गरज नाही.

तुझी,
आई