चि. मनूस, रविवारच्या फोननंतर

चि. मनू,

तू फोन कट केलास त्याला आज चार दिवस झाले. तुझी आई म्हणते तुम्हीच करा ना फोन, पण फोनवर माझा आवाज चढतो, तुला माहितीय. म्हणून हे टाइप करतोय, एका बोटानं, कालपासून. चुका असतील त्या समजून घे.

आधीच सांगतो, शुक्रवारच्या त्या जीनच्या टेस्टच्या अपॉइंटमेंटचं मी विचारणार नाही. तुझा निर्णय, तू घे.

तुझ्या आक्का आत्याची तिसरी केमो सोमवारी झाली. केस गेले सगळे. शिरीषनं टोपी आणली ती तिला नको, पदर घेते डोक्यावरून आणि म्हणते आता कुठं मी खरी सासुरवाशीण दिसायला लागले. हसते, पण दोन घास खाल्ले की बास म्हणते. वर्षभर ती हेच सांगत होती ना, पोट फुगतं, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं होतं, सारखं लघवीला जावं लागतं. इथल्या डॉक्टरनं गॅसच्या गोळ्या दिल्या, एक संपली की दुसरी. मी पण तिला सांगायचो, रात्री हरभऱ्याची डाळ खाऊ नको. ते आठवलं की रात्री झोप येत नाही.

तू जे म्हणालीस ते लागलं मला. ‘बाबा, तुम्ही आजीसारखंच लपवताय.’ तू आजीला बघितलेलं पण नाहीस आणि बरोब्बर तेच बोललीस.

१९८८ चा पावसाळा. मी नुकताच डेपोला लागलो होतो, रोजंदारीवर. पहाटेच्या ड्युटीला निघायचो तर आई चुलीपाशी एरंडाचं पान शेकत बसलेली असायची. पानाला तेल लावायची, तव्यावर टाकायची, मऊ झालं की पदराआड. मी विचारलं गुडघा दुखतोय काय, ती हो म्हणाली. आठ महिने आमच्या घरात गुडघाच दुखत होता. शेवटी मिरजेला दाखवलं तेव्हा काखेत पण गाठी झाल्या होत्या. ८९ ला गेली. ४४ वर्षांची होती, आणि मी तेव्हा तिला म्हातारी समजायचो.

मिश्रीनं झालं असं आम्ही सगळ्यांनी धरलं. डबी फेकून दिली आणि विषय संपला. मिश्री वाईटच, तोंडाच्या कॅन्सरला तंबाखूचंच निमित्त असतं बहुतेक वेळा, पण आईचं ते नव्हतं, तिचा स्तनाचा होता. आणि आम्हाला कळणार तरी कसं होतं म्हणा. आई गेली १९८९ ला, त्या अमेरिकेतल्या मेरी-क्लेअर किंग बाईंनी हे घराण्यातनं येतं, सतराव्या गुणसूत्रावर आहे असं दाखवून दिलं १९९० ला, आणि जीन हाताला लागलं १९९४ ला. शिरीषनं वाचायला दिलं होतं, मी वहीत लिहून ठेवलंय.

टाटात काय झालं ते मी तुला नीट सांगितलंच नाही कधी. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, अंडाशयाचा कॅन्सर असेल तर आम्ही सगळ्यांनाच जीनची टेस्ट सांगतो, त्यावर पुढची गोळी ठरते. आक्काला केमोनंतर ती ओलॅपॅरिब देणारेत ना, ती त्या रिपोर्टमुळंच. तर आधी काउन्सेलिंगला बसवलं. तुझ्याच वयाची पोरगी होती. कागद घेतला आणि आमचं घराणं काढायला लागली. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, कॅन्सर झाला असेल तर आतून काळा करायचा, गेलं असेल तर तिरकी रेघ. मला वाटलं दोन मिनिटांचं काम, मी आयुष्यभर ड्युटी चार्ट लावलेला माणूस. पण ती विचारायची कशानं गेल्या, किती वर्षांच्या होत्या, आणि मी गप्प. आपल्याकडं बायका कशानं गेल्या हे कुणाला माहीत असतं सांग. ‘आजारी होत्या.’ ‘अंगावर काढलं.’ आईची थोरली बहीण, जतची मावशी, ती जलोदरानं गेली म्हणायचे. मी तसंच सांगितलं, पोटात पाणी झालं होतं. त्या पोरीचं पेन थांबलं. वय विचारलं. आक्का म्हणाली पन्नास पण नव्हती. मग तो गोल काळा न करता तिनं प्रश्नचिन्ह टाकलं, पण मला कळायचं ते कळलं.

मग माझा चौकोन आला. त्याच्याखाली दोन रेघा. शिरीषचा चौकोन, तुझा गोल. रिकामा.

मला खरंच वाटायचं मनू, बायकांचा आजार बायकांकडूनच येतो. तुझ्या आईकडं कुणालाच नाही म्हणून मी निवांत होतो. ती पोरगी म्हणाली, काका, बापाकडून पण तेवढंच येतं, पन्नास टक्के, मुलगा असो मुलगी असो. मग माझं रक्त घेतलं, आणि पुढचं तुला माहितीये. आक्काच्या जीनमध्ये ज्या जागी चूक, त्याच जागी माझ्यात. तेच ते जीन, बीआरसीए-१. मला दरवर्षी प्रोस्टेटची रक्ततपासणी सांगितलीय, बाकी मला फारसं काही नाही. हेच सहन होत नाही. मला काही नाही आणि मी ते पुढं दिलं असेल.

तुझ्या आईला हे बोललो तर ती म्हणते तुम्ही काय मुद्दाम दिलंय का. मुद्दाम नाही, पण तुझं नाक पण माझंच आहे, त्याचं कौतुक मी घेतोच की.

आता आकडे सांगू दे, रविवारी तू बोलू दिलं नाहीस. तू गूगल केलंच असशील, पण गूगलवर पहिल्यांदा भीतीच येते. आपल्यात जी चूक आहे ती असेल तर शंभरातल्या साठाहून जास्त बायकांना आयुष्यात कधीतरी स्तनाचा होतो, अंडाशयाचा चाळीसेक जणींना. आकडा मोठा आहे, मी लहान करून सांगत नाही. पण सगळ्यांना होत नाही, आणि ज्यांना आधीच माहीत असतं त्यांना करण्यासारखं पुष्कळ असतं. पंचविशीपासून वर्षाला एमआरआय, तिशीनंतर मॅमोग्राफी पण. मुलंबाळं झाल्यावर पस्तीस-चाळीसच्या दरम्यान अंडाशय आणि नळ्या काढून टाकतात, त्यानं तो धोका पुष्कळच उतरतो. त्या अँजेलिना जोलीनं २०१३ ला केलं ते तर तूच मला सांगितलं होतंस, दोन्ही स्तन काढून घेतले, आणि मी म्हणालो होतो मोठ्या लोकांची थेरं. बघ, माणूस काय काय बोलून बसतो.

आणि तुझ्यात नसेलच, तर तुझा धोका चारचौघींएवढाच. मग वर्षाला एमआरआय नको, चारचौघी करतात तेवढीच तपासणी. आपल्या घरातली चूक कुठं आहे हे आता माहितीय, त्यामुळं तेवढी एकच जागा बघायची असते, खर्चही कमी येतो. पाच मिलिलिटर रक्त. शुक्रवारी सकाळी अकराची आहे ना ती?

विचारणार नव्हतो. जाऊ दे.

तसं सगळ्या कॅन्सरमध्ये घराण्यातून आलेले शंभरातले पाच-दहाच असतात, बाकीचे बरेचसे वयानं नाहीतर आपल्या सवयींनी. म्हणून टेस्टचं काहीही ठरव, पण बाकीचं तर तुझ्या हातात आहे. रात्री दीडला जेवतेस, सकाळी चहावर असतेस, जिमचे पैसे भरून ठेवलेस आणि गेलीस किती दिवस. आणि शनिवारचं ते वाईनचं. मी फोटो बघितलाय, बोललो नव्हतो. थोडीशी दारू सुद्धा स्तनाच्या कॅन्सरला चांगली नाही, थोडीनं काही होत नाही म्हणतात ते खरं नाही. वजन सांभाळायचं, रोज चालायचं, पुढं मूल झालं तर अंगावर पाजायचं, ‘ऑफिस आहे’ म्हणून तीन महिन्यांत बंद करायचं नाही.

झालं, लेक्चर सुरू झालं. माफ कर. ज्या माणसानं तीस वर्षं खिशात चुन्याची डबी बाळगली त्यानं तुला वाईनवरनं बोलावं म्हणजे कमालच. आक्काच्या ऑपरेशनच्या दिवशी सोडली ती, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेच्या बाहेर कचऱ्याच्या डब्यात टाकली. काही महिने झाले. अजून जेवल्यावर हात खिशाकडं जातो. तुझ्या आईनं तिथं बडीशेपेची पुडी ठेवलीय.

आता रोहनचं. त्याच विषयावर भांडण झालं आणि मी त्यालाच बगल देतोय.

साखरपुडा होईपर्यंत त्यांच्याकडं सांगू नको म्हणालो ते चुकलं माझं. मला वाटलं ते म्हणतील घराण्यात दोष आहे. वाडीच्या काकू असंच बोलल्या, आणि मी काकूंचं ऐकलं, ज्यांचं मी आयुष्यात कधी ऐकलं नाही. मी घाबरलो गं. मग तू फोन ठेवल्यावर मला ते एरंडाचं पान आठवलं. आईनं पण असाच विचार केला असेल, आक्काचं लग्न ठरत होतं त्या वर्षी. लग्न झालं, व्यवस्थित झालं, आई मांडवात बसली होती पान बांधून.

तू रोहनला आधीच सांगितलंयस हे शिरीषकडून कळलं. आणि तो म्हणाला शुक्रवारी मी पण येतो. मला कुणी सांगितलं नाही हे बरोबरच आहे. डेपोत तुझी बढती सांगून झालीय सगळ्यांना, पण हे जे तू केलंस ते कुणाला सांगावं कळत नाही. सांगायला पाहिजे असं वाटतं मात्र.

मी शुक्रवारी पुण्याला येऊ का? आत येणार नाही, बाहेर बसेन. पहाटेच्या गाडीला बसलो तर वेळेत पोचतो. नको असेल तर नको म्हण, राग नाही. माझ्या आणि आक्काच्या रिपोर्टची झेरॉक्स काल कुरिअर केलीय, ती त्यांना लागेल, विसरू नको, नाहीतर कुठं बघायचं त्यांना कळणार नाही. त्यातच भडंगची दोन पाकिटं आहेत, एक रोहनच्या घरी दे.

आक्का तुझी वाट बघते. सकाळी करू नको, झोपलेली असते, तीननंतर कर. तिला टेस्टचं काही विचारू नको, ती पण मनाला लावून घेते, तिला वाटतं तिच्यामुळं हे सगळं उकरून निघालं. साडीचं विचार. साखरपुड्याला कुठली नेसायची यावर ती आणि तुझी आई दोन दिवस भांडतायत.

येऊ का ते कळव.

बाबा