काढ्याच्या रेसिपीशेजारी धोक्याची लक्षणंही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सर्दी-खोकला-तापाची साथ आली की मोबाईलवर काढ्यांचे फॉरवर्ड सुरू होतात, पेपरातही घरगुती उपाय येतात, म्हणून हे पत्र लिहितेय. काढ्याला माझा अजिबात विरोध नाही. आलं, तुळस घालून उकळलेलं गरम पाणी प्यायलं की घसा शेकला जातो, अंगात पाणी जातं आणि तापात ते लागतंच. मधाने तर खोकला खरंच कमी होतो, तसे अभ्यास झालेत, फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, त्यातून बोट्युलिझम (जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार) होऊ शकतो आणि नेमकं हेच फॉरवर्डमध्ये नसतं.

पण काढ्याने व्हायरस मरतो असं जे छातीठोक सांगतात ते थांबायला हवं. साधी व्हायरल सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होते, मग पाचव्या दिवशी जे काही घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं आणि पुढच्या वेळी न्यूमोनिया असला तरी माणूस तेच घेत बसतो.

आणि आयुर्वेदिक म्हणजे साइड इफेक्ट नाही हे कुणी ठरवलं? ज्येष्ठमध रोज भरपूर घेतलं तर अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं, बीपी वाढतं, म्हणजे बीपीच्या पेशंटने आठवडाभर असला काढा पिणं बरं नाही. गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या लिव्हरला त्रास झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, पण आधीच लिव्हरचा आजार असेल त्याने तरी स्वतःच्या मनाने घेऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हळदीच्या, लसणाच्या कॅप्सूलबद्दल आधी विचारावं. डॉक्टर विचारतात काय काय चालू आहे, तेव्हा लोक गोळ्या सांगतात पण काढा सांगतच नाहीत, कारण तो त्यांना औषध वाटतच नाही!

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती घरी वाट बघण्यात जाणाऱ्या वेळेची. फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत घेतलं तर जास्त उपयोगी पडतं आणि म्हातारी माणसं, गरोदर बायका, दमा-डायबेटिसवाले यांनी तर लगेच डॉक्टरकडे जायला हवं. लहान मुलाचं कसं ओळखायचं तर मूल शांत असताना किंवा झोपलेलं असताना अंगातला शर्ट वर करून छाती-पोटाची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायची, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त श्वास घेत असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर काढा बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठायचा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मोठ्या माणसाचं ऑक्सिजन 94 टक्क्यांच्या खाली गेलं, बोलताना धाप लागली, उतरलेला ताप परत चढला, तरी तेच.

आपल्या पेपरात यापुढे घरगुती उपाय छापाल तेव्हा त्याच्या शेजारीच हे आकडे ठळक चौकटीत द्या, आतल्या पानावर बारीक टायपात नको, एवढी विनंती आहे.

आपली,
एक नियमित वाचक