मेलबर्नमधली तालीम

मेलबर्न,
रविवार रात्र

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलं होतंत, तिकडं फुटबॉल खेळतात का. इथं 'फुटी' म्हणजे लांबुळका चेंडू हातात धरून पळायचं. आपला खेळ तो सॉकर. जुन्या लोकांनी त्याला 'वॉगबॉल' म्हणून हिणवलं. 'वॉग' ही ग्रीक, इटालियन असल्या परक्यांना दिली जाणारी शिवी.

आज अल्बर्ट पार्कच्या तळ्याकाठी लेकसाइड स्टेडियमवर साउथ मेलबर्नची मॅच बघितली. जुनं नाव साउथ मेलबर्न हेलास (हेलास म्हणजे ग्रीस), ग्रीकांचा 1959 चा क्लब. शेजारी एक ग्रीक म्हातारा बसलेला. बोटीनं आला तेव्हा इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. आठवडाभर कारखान्यात मुकाट राबायचं आणि रविवारी घसा बसेपर्यंत ओरडायचं. काम कुठं आहे, खोली कुठं मिळंल, गावाकडं कोण गेलं, सगळं मैदानावरच कळायचं. मला तर आपल्या कोल्हापूरचा तालमीचा कट्टाच दिसला! आपल्याकडं तालमींचे फुटबॉल संघ, तसंच इथं क्रोएशियन, इटालियन, हंगेरियन, ज्याची त्याची तालीम वेगळी. 1991 ची फायनल हेलास विरुद्ध मेलबर्न क्रोएशिया, म्हणजे पेठेची मॅचच. पेनल्टीवर हेलासनं मारली.

आणि तेव्हा हेलासचा कोच कोण, सांगा? हंगेरीचा जगप्रसिद्ध खेळाडू पुश्कास! इंग्रजी जेमतेम, पण अथेन्सच्या पानाथिनायकोसला शिकवल्यामुळं ग्रीक यायचं. त्याला गाडीतून नेणारा-आणणारा आणि पोरांना त्याचं बोलणं समजावणारा कॅप्टन म्हणजे अँजी पोस्टेकोग्लू. पाच वर्षांचा असताना आईबापाबरोबर इथं आला. 2025 ला इंग्लंडच्या टॉटनहॅमला युरोपा लीग जिंकून दिली, तोच हा.

पुढं नव्वदच्या दशकात वरून फर्मान आलं, देशांची नावं काढा. मेलबर्न क्रोएशियाचं 'नाइट्स' झालं. हाणामाऱ्या व्हायच्या, हे खरं. युगोस्लाव्हिया फुटल्यावर तर जास्तच. पण क्लब ज्यांनी पोसला त्यांचंच नाव पुसायचं, हे मला काही पटलं नाही. आपल्या पाटाकडील तालमीला उद्या कुणी 'कोल्हापूर युनायटेड' म्हणा म्हटलं तर? 2004 ला जुनी राष्ट्रीय लीग बंद पडली, 2005 ला तिच्या जागी ए-लीग आली, त्यात हेलासला जागाच नाही. म्हातारा मात्र आजही 'हेलास'च ओरडत होता.

जाताना त्यानं तुमच्यासाठी निळा-पांढरा मफलर दिलाय. दिवाळीला आणतो. घालून शाहू स्टेडियमवर गेलात तर कट्ट्यावर चौकशी होईल, आधीच सांगून ठेवतो.

आईला नमस्कार.

तुमचा,
बाळू