‘या’ भागांत पाणी नाही, म्हणजे नेमके कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी संकेतस्थळांवरचे मराठी कळत नाही, अशी तक्रार आपल्या पत्रांच्या सदरात वरचेवर असते. तक्रार रास्त आहे, पण बहुतेक पत्रे शेवटी एकाच वळणावर येतात: अमका शब्द जड, तमका इंग्रजी, त्याऐवजी हा घ्या. माझी नोकरी मुद्रितशोधनात गेली. आता आमच्या भागातल्या वाचनालयात, लहान संस्थांच्या संकेतस्थळांसाठी मजकूर लिहिणाऱ्या मुलामुलींना मी शिकवते. माझ्या मते शब्दांचे दुखणे किरकोळ आहे. खरी अडचण आहे ती वाक्याची आणि क्रमाची.

वर्गासाठी मी रचलेला हा नमुना पाहा. साचा ओळखीचा वाटेल. ‘मुख्य जलवाहिनीच्या तातडीच्या दुरुस्तीचे काम बुधवारी सकाळी १० ते रात्री १० या वेळेत हाती घेण्यात येणार असल्याने या वेळेत विभागातील पाणीपुरवठा पूर्णपणे बंद ठेवण्यात येणार असून, त्यानंतरही तो कमी दाबाने होण्याची शक्यता असल्याने नागरिकांनी पाण्याचा पुरेसा साठा करून सहकार्य करावे.’

यात सातवीतल्या मुलाला अडेल असा शब्द जवळपास नाही. तरीही पहिल्या वाचनात हाती काही लागत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे कारण, वेळ, शक्यता हे सगळे सांभाळत वाचकाला ‘करावे’पर्यंत जावे लागते आणि तिथे पोहोचल्यावर कळते की बादल्या भरायच्या आहेत. शिवाय पाणी ‘बंद ठेवण्यात येणार’, पण ठेवणार कोण? कार्यालयात काम केलेली माणसे वर्गात आली की हा ‘ण्यात येणार’ सहजासहजी सोडत नाहीत. त्यात कुणाचे नाव अडकत नाही ना!

आता हे वाचा. ‘बुधवारी सकाळी १० ते रात्री १० पाणी येणार नाही. मंगळवारीच भरून ठेवा. गुरुवारी पाणी येईल, पण दाब कमी असू शकतो. आम्ही मुख्य जलवाहिनी दुरुस्त करत आहोत.’ कारण शेवटी गेले, कारण ज्याचा नळ कोरडा राहणार त्याला आधी बादली सुचते, जलवाहिनी नंतर. आणि भागाचे नाव मथळ्यातच हवे.

एवढे सोपे आहे तर जमत का नाही? शाळेत आपल्याला नेमके उलटे वळण लागते. निबंध फुलवायचा, उत्तर पानभर करायचे, चार ओळींत सांगितले तर गुण कापले जाणार. वीस वर्षे हेच केलेल्या मुलाला ‘थोडक्यात लिही’ म्हटले की तो वाक्ये कमी करत नाही, सगळी माहिती एकाच वाक्यात कोंबतो.

ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळासाठी लिहिणाऱ्यांना २५ शब्दांपेक्षा लांब वाक्य दिसले की ते तोडून पाहायला सांगतात. तो आकडा आपण जसाच्या तसा उचलू नये. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, इंग्रजीत तीन शब्दांना लागणारे काम ‘कार्यालयातून’ एकटा करतो. मी वर्गात पंधराव्या शब्दाला हात वर करायला सांगते. यामागे कुठलेही संशोधन नाही, केवळ वाचून वाचून बसलेला अंदाज.

लिहून झाले की पारख. २०२३ मध्ये ‘आयएसओ’ने सोप्या भाषेचे आंतरराष्ट्रीय मानक काढले. वाचकाला हवे ते सापडावे, समजावे आणि वापरता यावे, असा त्याचा गाभा आहे. तिसरी गोष्ट आपण विसरतो. वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या एखाद्या आजोबांच्या हातात मोबाइल द्यायचा आणि विचारायचे, ‘आता तुम्ही काय कराल?’ मग गप्प बसायचे. ‘समजले का?’ असे विचारू नये. त्याला सगळेच हो म्हणतात.

‘येथे क्लिक करा’ हेही जायला हवे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा ‘स्क्रीन रीडर’ वापरणारे अंध वाचक पुष्कळदा पानावरच्या फक्त दुव्यांवरून पुढे जातात, आणि त्यांना ओळीने ‘येथे क्लिक करा, येथे क्लिक करा’ एवढेच ऐकू येते. दुव्यावर ‘जन्मदाखल्याचा अर्ज’ असे लिहायला कितीसा वेळ लागतो? कागदाचा फोटो काढून चढवलेल्या परिपत्रकात तर त्यांना तेवढेही ऐकू येत नाही.

मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने स्थानिक संस्थांच्या कारभारात मराठी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. मराठी आली, हे बरेच झाले. ती लिहायची कशी याचे प्रशिक्षण मात्र मजकूर चढवणाऱ्या कर्मचाऱ्याला मिळायला हवे, आणि ते शब्दांच्या याद्या वाटून होणार नाही.

हे शिकवू कोण शकेल? तर आपणच, संपादक महोदय. नेमके काय, कुठे, कधी हे पहिल्या दोन ओळींत आणण्याची कला वृत्तपत्राच्या उपसंपादकाइतकी कुणाला येते? म्हणूनच आपल्या संकेतस्थळाचे नवल वाटते. छापील अंकात सरळ ‘माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक’ असते. तीच बातमी मोबाइलवर ‘मध्य रेल्वेच्या ‘या’ स्थानकांदरम्यान मेगाब्लॉक, घराबाहेर पडण्यापूर्वी वाचाच’ अशी होते. पाणी बंद ‘या’ भागांत, शाळांना सुट्टी ‘या’ दिवशी. सरकारी बाबूला निदान लिहिता येत नाही म्हणून तो लपवतो. आपल्याकडे लिहिता येणारी माणसे मुद्दाम लपवतात.

माझी मागणी छोटी आहे. पाणी, लोकल, पाऊस आणि शाळा, निदान या चार विषयांचे मथळे तरी ‘या’मुक्त करा. मथळ्यावरूनच रविवारचा बेत ठरेल. बातमी कुणी उघडणार नाही आणि तेवढ्या क्लिक आपल्या बुडतील, हे मला ठाऊक आहे.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक, दादर, मुंबई